शिवण बियांपासून वाढवताना : मराठवाड्यातील नव्या लागवडदारांसाठी

इमारती लाकडाची, त्यातही लवकर वाढणारी झाडे लावू इच्छिणारी माणसे मराठवाड्यात आता गावोगाव भेटतात. त्यांतील अनेकांच्या हातात एखाद्या रोपवाटिकेचे रंगीत पत्रक असते आणि त्यावर महोगनीच्या किंवा मलबार नीमच्या एकरी उत्पन्नाचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. मी स्वतः पहिल्या वर्षी अशाच एका विक्रेत्याकडून शंभर रोपे आणली होती. दोन-दोन फूट उंचीची ती रोपे दिसायला सुरेख होती, पण पिशवी फाडल्यावर आत मुळांचे वेटोळे निघाले, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यांतील बहुतेक रोपे वाळून गेली. त्यानंतर मी रोपे विकत घेणे सोडले आणि बी गोळा करायला शिकलो. त्या शिक्षणासाठी मी निवडलेले झाड म्हणजे शिवण. सुरुवात करणाऱ्याला मी आजही तेच सुचवतो, कारण मलबार नीमचे बी उगवायला फार बेभरवशाचे असते, तर शिवणीचे ताजे बी नीट हाताळले तर शंभरातील साठ-सत्तर सहज उगवते.

शिवण हे परदेशातून आलेले झाड नाही. काश्मरी किंवा गंभारी या नावाने वैद्य ज्याला ओळखतात आणि दशमुळांतील एक मूळ ज्याचे असते, ते हेच झाड. शास्त्रीय नाव ग्मेलिना आर्बोरिया. साग आणि शिवण ही दोन्ही झाडे आता तुळशीच्या कुळात धरली जातात, म्हणजे नात्याने ती एकमेकांची चुलत भावंडेच होत. शिवणीचे लाकूड सागापेक्षा हलके, फिकट पिवळसर आणि रंध्याखाली मऊ असते. सुकल्यावर ते फारसे वाकत नाही की पिळवटत नाही, म्हणून चौकटी, कपाटे, खेळणी, वाद्ये आणि कोरीव कामासाठी सुतार ते आवडीने घेतात. मात्र ते उघड्यावर, पावसात वर्षानुवर्षे टिकणारे लाकूड नाही, हे लावणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

पुढे जे काही सांगणार आहे, त्या सगळ्याच्या मुळाशी एकच हिशेब आहे. जुलैत लावलेल्या रोपाचे सोटमूळ पुढच्या मे महिन्याआधी जमिनीच्या कोरड्या थराखाली पोहोचले पाहिजे. रोप वर किती वाढले याला पहिल्या वर्षी फारसे महत्त्व नाही. बी कधी गोळा करायचे, पिशवीत कोणती माती भरायची, खड्डा कुठे घ्यायचा, हे सगळे निर्णय या एका हिशेबावरून ठरतात.

आधी जमीन, मग बी

बी हाती येण्यापूर्वी जमीन पाहून घ्यावी, कारण शिवण जितकी जोमाने वाढते तितकीच ती जागेच्या बाबतीत चोखंदळ असते. डॅनियल लुडविग या अमेरिकी उद्योगपतीने १९६७ पासून ब्राझीलमधील जारी नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक जंगल तोडून कागदाच्या लगद्यासाठी शिवणीची प्रचंड लागवड करवली होती. तेथील बऱ्याच भागात जमीन वाळूची आणि निकस निघाली, अपेक्षित वाढ मिळाली नाही, आणि शेवटी त्या जागी पाइन आणि निलगिरी लावावी लागली. आपल्याकडे वाळूचे संकट नाही, उलट बाजूचे आहे. मराठवाड्याची भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून चिबडते आणि शिवणीच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात चालत नाही. दुसरीकडे, फूटभर मातीखाली सलग काळा पाषाण लागतो अशा माळरानावर सोटमुळाला खाली जायला वाटच मिळत नाही.

मधली जमीन शोधावी. दोन-अडीच फूट काळी किंवा तांबूस माती आणि तिच्याखाली मुरूम, असा थर असलेले उताराचे शेत, ओढ्याच्या काठची उंच पट्टी किंवा रुंद बांध या झाडाला मानवतो. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. दीड फूट खोलीचा खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा, पाणी जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. काही तासांत उतरले तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसले, तर त्या ठिकाणी शिवणीचा नाद सोडून द्यावा.

बी गोळा करणे

शिवण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, पाने झडलेली असताना किंवा नवी पालवी फुटत असताना पिवळट-तपकिरी फुलांनी भरते, आणि एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत तिची फळे गळतात. फळ मोठ्या बोराएवढे असते आणि पिकल्यावर पिवळे होते. या पिवळ्या रंगाकडे नीट लक्ष द्यावे. हिरव्या फळातील बी अपक्व असते. काळपट, तपकिरी पडलेल्या फळातील बी झाडाखाली उन्हात आणि आंबण्यात बरेचसे वाया गेलेले असते. नुकते गळलेले पिवळे फळ तेवढे उचलावे. गुरे, शेळ्या आणि हरणे ही फळे चवीने खातात, त्यामुळे झाडाखाली रोज सकाळी लवकर जावे लागते. मी एकदा चार दिवसांनी गेलो, तेव्हा मला फक्त चघळून टाकलेल्या आठोळ्या मिळाल्या होत्या.

कोणत्या झाडाचे बी घ्यायचे, यात घाई करू नये. शिवणीला वाकडे होण्याची आणि कमी उंचीवरच फांद्या फोडण्याची खोड असते आणि ती बऱ्याच अंशी वंशाने येते. ज्या झाडाचा बुंधा सरळ आहे आणि पहिली मोठी फांदी बरीच वर आहे, अशीच झाडे निवडावीत. एकाच झाडावर अवलंबून न राहता एकमेकांपासून दूर असलेल्या सात-आठ झाडांचे बी मिसळावे, म्हणजे एका झाडाचा दोष सगळ्या शेतात उतरत नाही. जवळपास अशी झाडे नसतील, तर वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत बियांची चौकशी करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून पाहावे.

फळे घरी आणल्यावर पोत्यात किंवा ढिगाने ठेवू नयेत. ढीग आतून तापतो, गर आंबतो आणि बी मरते. फळे एक दिवस पाण्यात भिजत घालावीत, मग गोणपाटावर चोळून गर काढावा आणि आठोळ्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. धुतानाच बादलीत तरंगणाऱ्या आठोळ्या बाजूला टाकाव्यात, कारण त्या बहुधा पोकळ असतात. उरलेल्या आठोळ्या दोन-तीन दिवस पातळ पसरून पूर्ण वाळवाव्यात. वाळलेली आठोळी हाडासारखी कठीण असते. एखादी अडकित्त्याने फोडून पाहिली, तर आत एकपासून चारपर्यंत कप्पे आणि त्यांत पांढरट बी दिसते. एका आठोळीतून कधीकधी दोन-तीन कोंब येतात ते यामुळेच.

किलोभर वाळलेल्या आठोळ्यांत साधारण दीड ते अडीच हजार आठोळ्या भरतात. एकरी १६० झाडे लावायची असतील, तर तीनशे आठोळ्या पुरतात, म्हणजे पाव किलोसुद्धा लागत नाहीत. नवखा माणूस पोतेभर फळे गोळा करून आणतो आणि मग त्यांचे काय करायचे हे त्याला कळत नाही.

पेरणी केव्हा करावी

येथे दोन वाटा आहेत. मे महिन्यात मिळालेले ताजे बी लगेच पेरले, तर ते उत्तम उगवते, पण रोप लावण्याजोगे होईपर्यंत ऑगस्ट संपत येतो. मग त्याच्या मुळाला दसऱ्यापर्यंतचाच ओलावा मिळतो आणि परतीचा पाऊस हुकला, तर तेवढाही मिळत नाही. दुसरी वाट म्हणजे बी पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातील थंड कोपऱ्यात ठेवावे आणि पुढच्या होळीच्या सुमारास पेरावे. असे ठेवलेले बी थोडी उगवणशक्ती गमावते. तरीही मी दुसरीच वाट सुचवतो, कारण मार्चमध्ये पेरलेले रोप आर्द्रा नक्षत्रात लावायला तयार असते आणि त्याला पूर्ण पावसाळा मिळतो. वर्षापेक्षा जुने बी मात्र घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालण्याची सोय नसेल, तर अर्थातच पहिल्या वाटेने जावे लागेल.

पिशवीतील माती

मराठवाड्यातील नव्या रोपवाटिकांची पहिली चूक पिशवीत होते. शेतातील काळी माती तशीच भरली, तर पाणी दिल्यावर ती चिखल होते आणि वाळल्यावर आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पुढचे पाणी थेट खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला रोज पाणी दिल्याचे समाधान असते आणि आतला गोळा मात्र विटेसारखा कोरडा असतो. म्हणून दोन घमेली पोयट्याची किंवा ओढ्याकाठची भुसभुशीत माती, एक घमेले वाळू आणि एक घमेले पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत असे मिश्रण करावे. वाळूचे भाव ऐकून कोणी घाबरू नये, तीनशे पिशव्यांना लागून लागून काही घमेलीच लागते. कच्चे शेणखत मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते पिशवीत तापते आणि हुमणीच्या अळ्याही बरोबर आणते.

पिशवी सहा बाय आठ इंचांची, काळी आणि खालच्या अर्ध्या भागात आठ-दहा छिद्रे असलेली घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांची छिद्रे अनेकदा अर्धवटच पडलेली असतात, ती खिळ्याने मोकळी करून घ्यावीत. माती ठोकून भरू नये, पण पोकळीही राहू देऊ नये.

पेरण्यापूर्वी आठोळ्या चोवीस तास साध्या पाण्यात भिजत घालाव्यात. साठवलेल्या जुन्या आठोळ्या असतील, तर रात्री भिजवणे आणि दिवसा उन्हात सुकवणे असे दोन-तीन दिवस आलटून पालटून केल्यास कवच सैल होते. मग प्रत्येक पिशवीत एक आठोळी आडवी ठेवावी आणि वर सुमारे पाऊण इंच माती येईल इतकी झाकावी. याहून खोल पेरली, तर कोंब वर येता येता दमतो. पिशव्यांच्या शेजारीच वाळूचा एक छोटा वाफा करून त्यात पन्नासेक आठोळ्या जास्तीच्या टाकाव्यात. ज्या पिशव्या रिकाम्या राहतील त्यांत तेथील रोपे हलवता येतात. काही जण सगळेच बी वाफ्यात उगवून मग पिशवीत लावतात, पण त्या उचलाउचलीत सोटमुळाचे टोक तुटण्याचा धोका असतो आणि आपला सगळा हिशेब तर त्या टोकावरच आहे.

रोपवाटिकेतील तीन महिने

उगवण दोन आठवड्यांनंतर सुरू होते आणि महिनाभर चालते. या काळात माती ओलसर हवी, चिखल नको. पन्नास टक्के सावलीची शेडनेट पुरते, आणि ती नसेल तर उसाच्या पाचटाचा किंवा तुराट्यांचा मांडवही चालतो. कोवळी रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली, तर ती मर आहे आणि तिचे पहिले कारण जास्तीचे पाणी असते. अशा वेळी औषध शोधण्याआधी संध्याकाळचे पाणी बंद करावे, पिशव्यांतील अंतर वाढवावे आणि मेलेली रोपे मातीसकट बाहेर काढावीत.

एका पिशवीत दोन-तीन कोंब आले असतील, तर चार पाने झाल्यावर सर्वांत जोमदार कोंब ठेवून बाकीचे कात्रीने कापावेत. उपटू नयेत, कारण शेजाऱ्याची मुळे त्यांच्याबरोबर उचकटतात.

सहाव्या आठवड्यापासून दर पंधरा-वीस दिवसांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी होत नाही. पिशवी हलली नाही, तर मूळ छिद्रातून जमिनीत शिरते, रोप झपाट्याने वाढून मालकाला खूश करते आणि लावणीच्या दिवशी ते मूळ तोडावे लागते. लावणीआधीचे तीन आठवडे शेडनेट हळूहळू काढून रोपांना पूर्ण ऊन दाखवावे आणि पाणी थोडे कमी करावे. फूट-दीड फूट उंच, पेन्सिलीएवढ्या जाड बुंध्याचे, गडद पानांचे रोप लावायला उत्तम. त्याच्या शेजारी उभे असलेले तीन फुटी, लवलवणारे रोप पाहून मोह होतो, पण ते माळावरच्या वाऱ्यात टिकत नाही.

लावणी

खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी दीड फूट पुरते. पाच बाय पाच मीटर अंतर ठेवले, तर एकरी सुमारे १६० झाडे बसतात आणि पहिली दोन-तीन वर्षे मधल्या पट्ट्यात मूग, उडीद, सोयाबीन घेता येते. तीन बाय तीन मीटरवर एकरी सुमारे ४५० झाडे बसतात, ती सरळ वाढतात, पण पुढे विरळणी चुकत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने पाच मीटरच ठेवावे, असे माझे मत आहे, कारण आपल्या सातशे-आठशे मिलिमीटर पावसात ४५० झाडांची तहान भागत नाही. उसाच्या फडाच्या बांधावर मात्र ही झाडे लावू नयेत, तेथे मुळांशी सतत पाणी राहते.

खड्ड्यात वरच्या थरातील माती, दोन घमेली शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून खड्डा काठोकाठ भरावा. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच धावू नये. आपल्याकडे मृगानंतर पंधरा-वीस दिवसांची ओढ बसणे नवे नाही. भरलेला खड्डा पावसाने तळापर्यंत भिजला आहे, हे हात घालून पाहावे आणि मगच लावणी करावी. पिशवी ब्लेडने उभी चिरावी, तळाशी मुळांचे वेटोळे दिसले तर मातीच्या गोळ्याचा खालचा अर्धा इंच सरळ कापून टाकावा आणि रोप पिशवीत होते त्याच पातळीवर बसवून भोवतालची माती टाचेने दाबावी. खोडाशी माती किंचित उंच ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात तेथे पाणी थांबत नाही.

लावणीच्या दिवशीच कुंपणाचा बंदोबस्त असावा, उद्या करू म्हणू नये. शिवणीचा पाला जनावरांना इतका आवडतो की शेळ्यांचा एक कळप अर्ध्या तासात वर्षभराचे काम संपवतो, आणि रोही येत असतील तर रात्रीही धोका असतो. प्रत्येक रोपाभोवती बोराटीच्या फांद्या रोवणे हा स्वस्त उपाय आहे. पावसाळ्यात पानांची चाळण करणारे भुंगेरे दिसतात. रोपे थोडी असतील, तर ते सकाळी लवकर हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. आंतरपिकावर तणनाशक मारताना मात्र वाऱ्याकडे लक्ष ठेवावे, कारण त्याच्या तुषारांनी कोवळी शिवण करपते.

पहिला उन्हाळा

पाऊस संपता संपता आळ्यातील तण काढावे आणि वर सोयाबीनचे भुसकट किंवा वाळलेल्या पाल्याचा चार बोटे जाड थर द्यावा. हा थर खोडाला चिकटू देऊ नये. काळ्या जमिनीत या आच्छादनाचा दुसराही फायदा असतो : उघड्या आळ्यात फेब्रुवारीपासून भेगा पडतात, त्या भेगा कोवळी मुळे अक्षरशः तोडतात आणि उष्ण हवा खोलवर नेतात. आच्छादन असले, तर भेगा उशिरा आणि अरुंद पडतात.

हिवाळ्याच्या शेवटी शिवण पाने गाळते. नव्या लागवडदाराला वाटते की झाड मेले, आणि तो पाणी बंद करतो. अशा वेळी खोडावर नखाने किंचित खरवडून पाहावे. सालीखाली ओलसर हिरवा थर दिसला, तर झाड जिवंत आहे. शेंडा वाळलेला असला, तरी खाली बुंध्यापर्यंत उतरत हीच परीक्षा करावी आणि हिरवा भाग जेथे लागेल तेथपर्यंतचा वाळलेला शेंडा छाटून टाकावा. फुटवा फोडण्यात हे झाड जिद्दीचे आहे.

मार्चपासून जूनपर्यंत दर रोपाला आठवड्यातून एकदा दहा-पंधरा लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज तांब्याभर पाणी देऊ नये, त्याने मुळे वरच्या वरच पसरतात आणि खाली जात नाहीत. पाणी कोठून येणार, हे लावणीआधी ठरलेले असावे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तसे वर्ष पुन्हा आले, तर आपल्या बोअरमध्ये किती रोपांपुरते पाणी उरेल, तेवढीच रोपे पहिल्या वर्षी लावावीत. साठ रोपे जगवणे हे दोनशे रोपे मारण्यापेक्षा कितीतरी बरे.

पुढची वर्षे

दुसऱ्या पावसाळ्यात शिवण खरा वेग घेते. तेव्हा दोन-तीन शेंडे स्पर्धा करताना दिसले, तर सर्वांत सरळ शेंडा ठेवून बाकीचे काढावेत. खोडावरची बाजूची फूट अंगठ्याएवढी जाड होण्याआधीच, बुंध्यालगत स्वच्छ कापावी. एकदम खूप छाटू नये, उंचीच्या वरच्या अर्ध्या भागातील पाला नेहमी राहू द्यावा.

ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांची नोंद करता येते, ती पहिल्याच वर्षी करावी आणि सातबाऱ्यावर उतरली का ते तलाठ्याकडे पाहून घ्यावे. तोडीच्या वेळी परवानगी आणि वाहतुकीचे नियम काय आहेत, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून मगच व्यापाऱ्याशी बोलावे. चांगल्या, ओल धरणाऱ्या जमिनीत लगद्याचे लाकूड सहा ते आठ वर्षांत आणि फळ्यांचे बारा-पंधरा वर्षांत तयार होते. आपल्याकडे कोरडवाहूत याहून जास्त वेळ धरूनच चालावे.

तीन मीटर अंतरावर लावले असेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षी फांद्या एकमेकांत शिरू लागतात. तेव्हा एकाआड एक झाड, त्यातही वाकडे आणि दुबळे झाड आधी, काढावे. त्याचे बल्ले गोठ्याच्या आतल्या कामाला आणि पाला जनावरांना उपयोगी पडतो. कापलेला बुंधा पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. आजूबाजूची झाडे वाढवायची असतील तर ते फुटवे दरवर्षी चाऱ्यासाठी कापत राहावे, आणि एखादे शेजारचे झाड मेलेले असेल तर तेवढ्या बुंध्यावर सर्वांत खालून निघालेला एक सरळ फुटवा राखावा.